गणिताची घाई आणि देवळालीचे गुरुजी



जून महिना जवळ आला की नाशिकच्या कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर फलक झळकू लागतात. सहावीपासून आयआयटीची पायाभरणी, सातवीत दहावीचे बीजगणित, आठवीत कलनशास्त्राचा परिचय! मग घराघरांत एकच चर्चा सुरू होते. आपल्या पाल्याला पुढच्या इयत्तेचे गणित आतापासून शिकवावे की नाही? पाठवावे तर कोवळ्या वयात ओझे, न पाठवावे तर उद्या मुलगाच विचारील, ‘तेव्हा का नाही पाठवलेत?’ शुल्काची रक्कम मोठी असते, हे खरेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. मुलाची संध्याकाळ, त्याचे मैदान आणि गणिताशी जन्मभर राहणारे त्याचे नाते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कोट्याला जाण्याचे कारण नाही. देवळाली पुरेशी आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्यात, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९३० पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९६२ पर्यंत, ते देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील पद नाही. तरीही १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी जी संख्या मांडली, ती आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. ती संख्या ६१७४.

तिचा खेळ तिसरी-चौथीच्या मुलालाही जमतो. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच केले की ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा एकदा, ८५३२ वजा २३५८, आणि हाती येते ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ जागचे हलत नाही. सुरुवातीची संख्या कोणतीही असो, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबावे लागते.

इथपर्यंत गंमत झाली. खरी परीक्षा यानंतरची आहे. हा खेळ मुलाला एकदा दाखवावा आणि आपण गप्प बसावे. काही मुले ‘छान आहे’ म्हणून खेळायला पळतील. त्यांना पळू द्यावे, त्यात काहीही बिघडत नाही. एखादे मूल मात्र विचारील, ‘तीन अंक घेतले तर?’ करून पाहील आणि ४९५ वर पोहोचेल. ‘दोन घेतले तर?’ तिथे थांबायला जागाच सापडत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. ते मूल दुसऱ्या दिवशी, कोणी न सांगता, वही घेऊन पुन्हा बसेल आणि म्हणेल, ‘पण असे का होते?’

त्या ‘का’चे उत्तर अंकगणितात नाही, बीजगणितात आहे. उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांना अ, ब, क, ड म्हटले, तर प्रत्येक वजाबाकी ही ९९९ गुणिले (अ−ड) अधिक ९० गुणिले (ब−क) एवढीच असते. ५४३२ साठी ताडून पाहावे. २९९७ अधिक ९०, बरोबर ३०८७. म्हणजे जवळजवळ दहा हजार संख्यांचा गुंता केवळ ५४ जोड्यांवर येतो, आणि तेवढ्या तर एका रविवारी हाताने तपासता येतात. अशा मुलाला बीजगणित सहावीत द्यावे की आठवीत, हा वाद मग उरत नाही. त्याने ते मागितलेले असते. ज्याने मागितले नाही, त्याच्या गळ्यात मात्र तीच अक्षरे लोढण्यासारखी अडकतात.

हा क्रम आपल्या परंपरेला नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला, तेव्हा प्रथम लीलावती ठेवली, मग बीजगणित, त्यानंतर ग्रहगणित आणि गोलाध्याय. आधी व्यक्त, मग अव्यक्त. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो की, त्यांचे नातू चंगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. आणि फार मागे कशाला जावे? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आजोबांना मुखोद्गत होती. अपूर्णांक त्यांच्या जिभेवर होता. आज सातवीत समीकरणे सोडवणारी मुले पाऊण आणि दीडची बेरीज करताना अडखळतात, याला प्रगती म्हणावे काय? अ‍ॅबॅकस किंवा वैदिक गणिताचे वर्ग आकडेमोडीचा वेग वाढवतात. तो आनंद जरूर घ्यावा, परंतु वेग म्हणजे पुढचे गणित, अशी समजूत करून घेऊ नये.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. ज्याची झेप खरोखर मोठी आहे, त्याला समतेच्या नावाखाली रोखणे हाही अन्यायच. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ साली आठवीतील बीजगणित सरसकट बंद करून सर्वांसाठी नववीवर ढकलले. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, तिथल्या शिक्षण मंडळाला ते परत आणण्याचा निर्णय घ्यावा लागला. त्याच देशात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ पासून वेगळी वाट चोखाळली. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सतरा वर्षांच्या मुलांची परीक्षा दिली, जी टिकली त्यांनाच पुढे नेले आणि पुढील अनेक दशके त्यांच्या वाटचालीचा मागोवा घेतला गेला. पुढे गेल्याने त्या मुलांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. परंतु आधी पारख आणि नंतर वेग, हा क्रम तिथेही सुटला नाही. आपल्याकडे मात्र धनादेश हीच पारख ठरते!

कापरेकरांचे आयुष्यही याबाबतीत बोलके आहे. उच्च शिक्षणाचे पाठबळ नसल्याने त्यांचे काम येथील अनेक विद्वानांना किरकोळ वाटले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव सर्वदूर गेले. तोवर निवृत्तिवेतन पुरेना म्हणून गुरुजी शिकवण्या घेत होते. आपल्या घरी तशी प्रतिभा असेल तर तिला मार्गदर्शक मिळालाच पाहिजे. श्रीराम अभ्यंकरांना तो घरातच लाभला, वडील गणिताचे प्राध्यापक होते. पुढे जागतिक कीर्ती मिळवूनही अभ्यंकर शालेय बीजगणिताच्या सामर्थ्याचा अभिमानाने पुरस्कार करीत राहिले, आणि १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. गणित ऑलिंपियाडच्या तयारीसाठी मुले आजही तेथे जातात. या ऑलिंपियाडला, जी शालेय गणिताची सर्वांत कठीण कसोटी मानली जाते, कलनशास्त्र लागतच नाही! संख्या, भूमिती, बीजगणित आणि मोजण्याच्या युक्त्या एवढ्यावरच तिची सारी कठीणता उभी आहे. मग सातवीतल्या मुलाला कलनाची सूत्रे कोणासाठी पाठ करवायची?

तेव्हा यंदा प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एक महिना थांबावे. शाळेतील गणिताच्या शिक्षकांना भेटावे, वर्गशिकवणीच्या समुपदेशकाला नंतर. आठवड्याला एकच कठीण उदाहरण द्यावे, उत्तर सांगू नये, शेजारच्या मुलाचा उल्लेख तर मुळीच करू नये. महिनाअखेर वही उघडून पाहावी. खाडाखोड कोठे आहे, किती आहे, आणि कोणत्या दिवशी मुलाने सांगितल्यावाचून ती वही हाती घेतली आहे, हे पाहावे. वही कोरी असेल तर तो मैदानावर गेला असेल. जाऊ द्यावे.