पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नका
(किनारपट्टीवरल्या कामगार पोरापोरींच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी क्रांतीवर बोलणार नाही. अर्जावर बोलणार आहे. हसू नका. फुलस्केप कागदावरचा साधा अर्ज. अर्जविनंत्या म्हणजे भीक, असं ज्यांना वाटतं त्यांनी दहा मिनिटं ऐकून घ्यावं, मग खुशाल शिव्या द्याव्यात.

ही आपली रायगडची पट्टी. उरण-पनवेलचे डोंगर सुरुंगांनी फोडले. त्यांची खडी झाली, भराव झाला, त्यावर टॉवर उभे राहिले. खाली श्रीवर्धनकडं सड्यावर जांभा आणि बॉक्साइट. सावित्री-कुंडलिकेच्या खाडीत रेती. जमीन फोडायची, विकायची, हा इथला धंदा. आणि फोडणारे हात कुणाचे? वडारांचे, कातकऱ्यांचे, आपले, दुष्काळातून उठून आलेल्यांचे. क्वारीचा मालक एक, क्रशरचा दुसरा, ठेकेदार तिसरा, मुकादम चौथा. माणूस मेला की हे चौघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

गावकुसाबाहेर आपल्या बापजाद्यांना काम सांगितलं जायचं ते तोंडी. वेठ तोंडी, बलुतं तोंडी, शिवी तर तोंडीच. कागद पाटलाकडं, कुलकर्ण्याकडं. खाणीतही तेच चाललंय. हजेरी मुकादमाच्या डोक्यात, उचल त्याच्या वहीत, अपघात कुणाच्याच वहीत नाही. कागद नाही म्हणजे पुरावा नाही, पुरावा नाही म्हणजे तू त्या खाणीत कधी नव्हतासच. ही अस्पृश्यतेचीच नवी तऱ्हा आहे. पूर्वी आपली सावली चालत नव्हती, आता आपलं नाव रजिस्टरात चालत नाही.

मोठ्या कंपनीत गेलात तर तिथं एचआर नावाची काचेची केबिन असते. एसी असतो. बाई किंवा साहेब गोड बोलतात, पाणी देतात, 'आम्ही बघतो' म्हणतात. पोरं बाहेर येऊन सांगतात, साहेब चांगला आहे. अरे, असेल चांगला! त्याचा पगार कोण देतं? एचआर हा पंच नाही. तो मालकाचा माणूस आहे आणि मालकाला कोर्टकचेरीपासून वाचवणं हे त्याचं काम आहे. त्याचा राग करू नका, त्याला ओळखा. आपल्याला त्याची दया नको, त्याचा शिक्का पाहिजे. तारीख घातलेला, सही केलेला, 'मिळाले' असं लिहिलेला.

बाबासाहेबांचं बडोदं आठवा. १९१७ साल. परदेशात शिकून आलेला माणूस बडोद्याच्या कचेरीत नोकरीला गेला. शिपाई फायली लांबून फेकायचे. राहायला जागा मिळेना. पारशाच्या वसतिगृहात नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. महाराजांना कळवलं. महाराजांनी दिवाणाकडं पाठवलं. दिवाणानं हात वर केले. ओळखीची वाटते ना ही साखळी? साहेबानं मोठ्या साहेबाकडं, मोठ्यानं खालच्याकडं, आणि खालच्यानं हात वर. एवढा शिकलेला माणूस एकटा गेला तर त्याचं हे झालं. मग दहावी नापास पोरगा एचआरच्या केबिनीत एकटा कशाला जातो?

पण बाबासाहेब तिथं थांबले नाहीत. १९२७ साली ह्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्यावर हजारोंना घेऊन गेले. ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांचा संपाचा हक्क छाटणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबई बंद पाडली. १९४२ ला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा डिसेंबर १९४३ मध्ये स्वतः झरियाच्या कोळसापट्ट्यात जाऊन खाणीत उतरले. १९४४ च्या सुरुवातीला खाणकामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम आला. एकट्याच्या अर्जापासून समूहाच्या कायद्यापर्यंतचा हा रस्ता आहे. आपण अजून पहिल्याच पायरीवर बसून कुरकुरतोय.

आता हत्यारं बघू. १९५२ च्या खाण कायद्यात दगडखाणीला सूट होती, पण तीन अटींवर. खोली ६ मीटरच्या वर नको, माणसं ५० च्या वर नकोत, आणि सुरुंग नको. म्हणजे पहिला बार उडाला की सूट संपली. डोंगर हादरत होता, अख्ख्या गावाला ऐकू जात होतं, फक्त कचेरीला ऐकू येत नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे गुंडाळून चार कामगार संहिता आल्या. त्यात मालकांच्या सोयीचं पुष्कळ आहे, त्याविरुद्ध लढायचंच आहे. पण त्यात आपल्या हाताला लागेल असंही काही आहे, ते का सोडायचं?

एक. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं बंधन आहे. पहिला अर्ज हाच करा. भांडण व्हायच्या आधी करा.

दोन. २० किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती पाहिजे, तिच्यात निम्मी माणसं कामगारांची. तक्रार वर्षाच्या आत करायची, समितीनं ३० दिवसांत निकाली काढायची. निकाल पटला नाही किंवा लागलाच नाही तर युनियनमार्फत ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडं जाता येतं. म्हणून म्हणतो, युनियन पाहिजे.

तीन. जिवाला धोका दिसला, कडा सुटलाय, बार फुटायचा राहिलाय, तर मालकाला कळवा आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवा. 'आधी आमच्याकडं या, बाहेर कशाला जाता' असं एचआर म्हणेल. दोन्हीकडं एकदम जायचा तुमचा हक्क आहे.

चार. बाईच्या अंगाला हात लावला, घाण बोललं, तर २०१३ चा कायदा आहे. १० माणसं जिथं, तिथं अंतर्गत समिती पाहिजे. त्याहून कमी असतील किंवा मालकच हरामखोर असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत ३ महिने. हा कायदा कुणी दयेनं दिला नाही. राजस्थानात भंवरीदेवी नावाची कुंभाराची बाई सरकारी योजनेचं काम करताना १९९२ साली बलात्काराला बळी पडली आणि गप्प बसली नाही. तिच्या प्रकरणातून १९९७ चा विशाखा निकाल आला.

पाच. जातीवरून शिवी दिली तर ते एचआरचं काम नाही, पोलिसांचं आहे. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा. चहा पाजून मिटवायचं नाही.

आणि धूळ. दगडाच्या धुळीनं फुप्फुसं दगड होतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो कामानं दिलेला आजार आहे, त्याची भरपाई आहे. पण डॉक्टरनं घाईत टीबी लिहिला की ठेकेदार सुटला. टीबी तुमच्या झोपडीचा, सिलिकोसिस त्याच्या क्रशरचा. एका शब्दानं गुन्हेगार बदलतो. डॉक्टरला सांगा, मी किती वर्षं दगड फोडले ते केसपेपरवर लिही.

मी एका क्वारीवर गेलो होतो. चिलपीनं एकाचा डोळा गेला होता. कचेरीत कागदावर लिहिलेलं, 'घरी पडला'. तो आधी एकटा गेला तेव्हा त्याला हाकललं. मग पाच जण गेलो, लिहिलेला अर्ज दिला, आणि पोच मिळेपर्यंत ओटीवर बसलो. दुपार झाली, शिक्का मिळाला. लगेच पैसे मिळाले असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण 'घरी पडला' हे त्यांना परत लिहिता आलं नाही. आपल्या माणसाचं खरं त्यांच्याच शिक्क्याखाली उभं राहिलं.

तुमच्यातले काही जण शिकून उद्या त्याच काचेच्या केबिनीत बसणार आहेत. बसा. जरूर बसा. पण समोर धुळीनं पांढरा झालेला माणूस आला तर त्याला पाणी देऊन परत पाठवू नका. त्याचा कागद घ्या आणि शिक्का मारा. तेवढ्यानं तुमची नोकरी जात असेल तर ती नोकरी काय लायकीची होती ते त्या दिवशी कळेल.

बाकीच्यांनी आज जाताना नावं द्या. कोण अर्ज लिहिणार, कोण सोबत जाणार, कोण वाड्यावर जाऊन तारखा टिपणार. लिहिता येणारा एक आणि सोबत जाणारे चार, एवढी फौज पहिल्या क्वारीला पुरते.

जय भीम.