माळवदावरची माती
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, असा मला हुकूम झाला. म्हणून आधी चार घरी जाऊन विचारलं. पुरुषमंडळी म्हणाली, "काय दिवस होते! सगळे एका घरासारखे राहायचो." बायकांनी मात्र आधी टँकर सांगितला. उजनीचं पाणी शहरात यायच्या आधी हॉर्न वाजला की हंडे घेऊन पळायचं आणि रात्री-अपरात्री नळाची वाट बघत बसायचं. इमारत तीच, वर्षं तीच, आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण ज्यांनी हंडे वाहिले त्यांना हंडे आठवतात. गच्चीवर कोजागिरीचं दूध पीत बसलेल्यांना चांदणं आठवतं.

आठवण अशी निवडून ठेवते. एरवी त्यात बिघडत काही नाही. उलट, सगळंच लक्षात राहिलं असतं तर शेजाऱ्यांशी बोलणं अवघड झालं असतं! पण कधी कधी निवडताना नेमकं नको ते गळतं. आपल्या जिल्ह्याला हे नीट माहीत असायला हवं.

आपल्यातले बरेच जण उमरगा, लोहारा, तुळजापूरकडच्या खेड्यांतून इथं आलो. गावचं घर म्हटलं की डोळ्यांसमोर माळवद येतं. दोन-दोन हात रुंद भिंती, लाकडी खांब आणि भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की गारवा. हे सगळं खरं आहे. पण त्याच माळवदावर गळती थांबवायला पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. जुना सहसा कुणी काढायचं नाही. वरचं ओझं वाढत गेलं, आणि खाली भिंती नुसत्या चिखलात रचलेल्या दगडांच्या.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. नाव किल्लारीचं झालं, पण आपल्या जिल्ह्यातलं सास्तूरही त्याच पहाटे ढिगाऱ्याखाली गेलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ज्या भिंतींनी आणि मातीनं गारवा दिला, त्याच अंगावर आल्या.

पुढं 52 गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते आले, घरं सुटी सुटी झाली. तिथली म्हातारी माणसं जुन्या गल्लीसाठी अजून हळहळतात. दारात बसून समोरच्या घराशी बोलता यायचं, म्हणतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, गल्ली खरंच गेली. पण 1993 नंतर जन्मलेली मुलं आता तिशीला आलीत. त्यांना आपण माळवदाचा गारवा सांगितला. वरच्या मातीचं वजन सांगितलं का?

हे आजच्या आनंदाच्या दिवशी का काढलं, असं कुणी म्हणेल. आपली सोसायटी झाली तेव्हा भूकंपाला सात-आठ वर्षंच झाली होती. भीती ताजी होती. बांधकाम चालू असताना सभासद पाळीपाळीनं जाऊन सळ्या मोजायचे, स्लॅबला पाणी मारलं का बघायचे. आता जरा आपल्या गच्चीवर जाऊन या. जादा टाक्या, बागेची माती, कोपऱ्यात पत्र्याची खोली, कुणाच्या तरी घरातली काढलेली फरशी. प्रत्येकानं थोडंच ठेवलंय. माळवदावरही दरवर्षी थोडीच माती पडत होती.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, येत्या सर्वसाधारण सभेत इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचा ठराव घ्यावा आणि गच्ची मोकळी करावी. त्यात माझ्याही कुंड्या जातील, चालेल! दुसरी, सोसायटीनं आठवणींची एक वही ठेवावी आणि ती आधी आजींच्या हातात द्यावी. तिच्यात कोजागिरी येऊ द्या, टँकरही येऊ द्या. सभेतली भांडणंसुद्धा लिहा, फक्त नावं गाळा.

ज्या सभासदांनी तेव्हा उन्हात उभं राहून सळ्या मोजल्या, त्यातले काही आज आपल्यात नाहीत. त्यांच्या त्या सावधपणाला नमस्कार करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.