मोटारीचा सायलेन्सर निवडताना



नागपूर आणि हैदराबाद या शहरांना जोडणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातून जातो. पैनगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र लागतो. असा रस्ता दाराशी असल्यावर तरुणांना वेगवान मोटारीची हौस वाटावी, यात नवल नाही. कोणी जुन्या बाजारातून फोक्सवॅगनची पोलो जीटी घेतो, कोणी ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन-लाइन पसंत करतो. गाडी दारी आली की दुसरी इच्छा उत्पन्न होते. मूळ सायलेन्सर काढून बाजारातला दुसरा बसवावा, आणि तोही थोडक्या पैशांत. ही निवड कशी करावी, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम सायलेन्सर करतो काय, ते पाहू. इंजिनातून जळलेला वायू एकसारखा वाहत बाहेर पडत नाही. तो धक्क्याधक्क्याने येतो. या धक्क्यांचा आवाज दोन प्रकारे दाबला जातो. एका प्रकारात डब्याच्या आत कप्पे असतात. त्यांवर आदळून परतणाऱ्या लहरी येणाऱ्या लहरींना काही अंशी मारतात. दुसऱ्या प्रकारात छिद्रे पाडलेल्या नळीभोवती काचलोकर भरलेली असते. ती आवाज शोषून घेते. अगदी स्वस्त डब्यातील लोकर उष्णतेने लवकर जळते वा उडून जाते, आणि मग तो डबा नुसती पोकळ नळी उरतो.

आता शक्तीविषयी. आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली, हा समज खरा नव्हे. नळी फार रुंद घेतली तर वायूचा वेग मंदावतो आणि गावातल्या हळू चालीत गाडीची ओढ उलट कमी होऊ शकते. नुसता मागला डबा बदलून शक्तीत पडणारा फरक बहुधा इतका अल्प असतो की चालवणाऱ्याला तो जाणवणेही कठीण.

तिसरी गोष्ट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. इंजिनाजवळच्या या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो, आणि त्यावरून जाताना विषारी वायू पुष्कळसे निरुपद्रवी होतात. नव्या पेट्रोल मोटारींना तो १९९५ साली चार महानगरांपासून सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२० पासूनचे भारत स्टेज सहाचे नियम तर फारच कडक आहेत. काही कारागीर 'हा काढला की गाडी मोकळी होते' असे सांगतात. त्यांचे ऐकू नये. हवा विषारी होते, गाडीच्या फलकावर इंजिनाचा दिवा पेटतो, आणि मौल्यवान धातूचा तो तुकडा परस्पर भलत्याच्या हाती जातो. बदल करावयाचाच तर तो कन्व्हर्टरच्या मागे करावा, आणि काढलेला प्रत्येक भाग घरी आणून जपून ठेवावा.

चौथी गोष्ट धातूची. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. थंडीच्या सकाळी नळीतून ठिबकताना दिसते ते हेच. घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर गाडी नेली तर नळी पुरती तापत नाही, पाणी आतच राहते, आणि डबा आतून गंजतो. म्हणून साध्या लोखंडी पत्र्याचा डबा घेऊ नये. ४०९ जातीचे पोलाद बेताच्या किमतीत बरे टिकते. ३०४ जातीचे महाग, पण त्याहून टिकाऊ. विक्रेता ३०४ म्हणत असेल तर लोहचुंबक लावून पाहावा. तो घट्ट चिकटला तर माल ३०४ नव्हे. मात्र चिकटला नाही म्हणजे माल उत्तमच, असेही नाही. हलक्या जातीच्या काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही. तेव्हा पावतीवर जात लिहून घ्यावी. नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे तीनशे; दर दुरुस्तीला तिकडे धावावे लागले तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हावयाचा. गावातल्या मिस्त्रीला ज्याचे वेल्डिंग आणि गॅस्केट जमेल, तोच डबा आपल्याला स्वस्त.

खर्चाच्या हिशेबात कायदाही धरावा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगता फेरफार करण्यास बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ध्वनी व धूर यांचे नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो आणि परवाना तीन महिने जातो. नागपूर, पुणे येथे पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोलर फिरवला आहे. ज्याचा आवाज मूळ डब्याहून मोठा, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. मूळ डबा गंजला असेल तर कंपनीचा, किंवा त्याच मापाचा, तितक्याच आवाजाचा दुसरा घेणे हाच शहाणपणाचा सौदा होय.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी शेजारधर्म उरतोच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे. शाळा व इस्पितळे यांभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र असू शकते. डेसिबलचा आकडा दहाने वाढला की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. आपल्या गावात पुष्कळ घरांच्या खिडक्या थेट रस्त्यावर उघडतात. आत कोणी दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करीत असतो, कुणाचे वृद्ध वडील मोठ्या कष्टाने नुकतेच झोपी गेलेले असतात. त्यांनी आपल्या हौसेचे मोल का द्यावे? गाडी वेगवान असावी, चालवणाराही कुशल असावा. पण ती दारावरून गेली, हे शेजाऱ्याला कळलेही नाही, तर त्यात गाडीचे काहीच उणे होत नाही.