जादूटोणा म्हणणारे कोण?



गुलामांच्या जहाजांतून आफ्रिकेचे देवही अमेरिकेत उतरले. १७९१ साली हैतीत गुलाम पेटून उठले, तेव्हा व्होडू धर्म त्यांच्या सोबत होता. ब्राझीलमध्ये रिओच्या पोलिसांनी कांदोंब्लेच्या पूजेच्या वस्तू उचलून नेल्या, 'काळी जादू' म्हणून स्वतःच्या म्युझियमात मांडल्या. पोलिसांच्या ताब्यातून त्या सुटल्या २०२० साली! धर्म कोणता नि जादूटोणा कोणता, हे मालकच ठरवत आले.

म्हणून २०१३ साली एडवर्ड कर्टिस आणि सिल्व्हेस्टर जॉन्सन यांनी 'जर्नल ऑफ आफ्रिकाना रिलिजन्स' सुरू केलं, ही साधी गोष्ट नाही. पण जिच्या अंगात देव येतो ती बाई तिथं नुसता विषयच राहिली, तर काय बदललं? आपल्यावरही लोकांनी ढीगभर लिहिलं. आता लेखणी आपल्या हातात. खाली ठेवायची नाही.

जय भीम!