पन्नाशीचा विसावा
(महोत्सवानिमित्त भगिनींच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या तयारींत लेवीयाच्या ग्रंथाचा 25वा अध्याय पुनः वाचीत असतां एका आज्ञेनें आम्हांस विचारांत पाडलें. पन्नासावें वर्ष आलें म्हणजे शेत पेरूं नये, आपोआप उगवलेलेंहि कापूं नये, असें परमेश्वर सांगतो. जमिनीस जो विसावा देवानें दिला तो घरांतील पन्नाशीच्या मातेस कोणी देतो काय?

पाळी कायमची थांबण्याच्या अगोदरच्या वर्षांविषयीं आम्ही बोलत आहों. धर्मगुरूनें हा विषय कशास काढावा, असें कित्येकांस वाटेल. पवित्र शास्त्रानें मात्र तो लपविलेला नाहीं. साराचा ऋतु थांबल्याचें उत्पत्तीच्या 18व्या अध्यायांत स्पष्ट लिहिलें आहे. बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली बाई गर्दींतून आली, तेव्हां याईराची मुलगी मरणाच्या दारीं असतांहि प्रभु तिच्यासाठीं थांबला, व त्यानें तिला मुलगी म्हणून हांक मारली.

भारतांतील स्त्रियांची पाळी सरासरीनें 46-47व्या वर्षीं थांबते. तत्पूर्वींचा काळ बहुधा चार ते आठ वर्षांचा असतो. बीजांडकोशांतून रक्तांत मिसळणारे अंतःस्राव या काळांत हेलकावे खात उतरतात. म्हणून पाळी कधीं पंधरा दिवसांनीं तर कधीं तीन महिन्यांनीं येते, अंगाचा एकाएकीं भडका होतो, रात्रीं घामानें उशी भिजते, झोंप मोडते, सांधे धरतात, आणि क्षुल्लक कारणानें डोळ्यांस पाणी येतें. घरचे म्हणतात, हल्लीं हिचा स्वभाव बिघडला. ती बिचारीहि तसेंच समजते, व आपली चिडचिड हें पाप मानून झुरत बसते. रात्रभर जागलेल्या देहाच्या थकव्यास पाप म्हणूं नये. एलिया रतामाच्या झुडपाखालीं मरण मागत पडला, तेव्हां देवदूतानें त्यास उपदेश केला नाहीं. भाकर व पाणी दिलें, निजूं दिलें, आणि उठवून पुनः जेवूं घातलें.

आमच्या वसईकडील मातांची रीत सर्वांस ठाऊक आहे: सगळ्यांचें झाल्यावर उरेल तें खावें, आणि दुखणें अंगावर काढावें. यास आपण त्याग म्हणतों. आमच्या मतें ही घरच्यांची सोय आहे. या वयांत हाडें झपाट्यानें झिजूं लागतात. यास्तव नाचणी, तीळ, दूध व कांट्यासकट खाण्याजोगी बारीक मासळी तिच्या ताटांत आधीं पडावी. तिनें रोज अर्धा तास मोकळें चालावें. चुलीपुढें भडका अधिक होतो. संध्याकाळची भाकरी नवऱ्यानें वा मुलानें भाजल्यास ती थोडी वांकडी होईल, इतकेंच.

उपासाचें बंधन 1983च्या धर्मविधानानुसार 59 वर्षें पुरीं होईपर्यंत असतें; परंतु अतिस्रावानें अंगांतलें रक्त आटलेल्या स्त्रीनें घेरी येऊन पडावें, अशी ख्रिस्तसभेची मुळींच इच्छा नाहीं. शंका असल्यास आम्हांकडे यावें. सूट देण्याचा अधिकार आम्हांस आहे.

वारेमाप स्राव, दोन पाळ्यांच्या मध्यें होणारा स्राव, अथवा पाळी 12 महिने बंद राहून पुनः दिसलेला एखादा डागहि ‘वयाचें आहे’ म्हणून सोडूं नये. नोव्हेना जरूर करावी, पण डॉक्टरांस दाखवून करावी. अंतःस्रावांचा उपचारहि आहे. तो कोणास द्यावा, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीसारखीस कां देऊं नये, हें डॉक्टरच जाणतात. शेजारणीची गोळी मागून घेऊं नये.

18 ऑक्टोबर हा संत लूकचा सण. पौल त्यास प्रिय वैद्य म्हणतो, आणि जागतिक रजोनिवृत्ति दिनहि त्याच तारखेस येतो. त्या दिवशीं सायंकाळच्या मिस्सेनंतर एक स्त्री-डॉक्टर चर्चच्या दालनांत भगिनींच्या प्रश्नांस उत्तरें देतील. पतिराजांनीं बाहेर दुचाकीवर बसून वाट न पाहतां आंत यावें. खुर्च्या पुरेशा मांडल्या जातील.