अँजिओग्राफी ‘नॉर्मल’ आली, पुढे काय?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केल्यापासून वस्तीत आरोग्याचं काम करते. आमच्या वस्तीत पोळ्या लाटून घर चालवणाऱ्या एक ताई आहेत. छातीवर दडपण, जबड्यात कळा, दरदरून घाम. रुग्णालयात ईसीजी बदललेला आढळला. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं होतं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालेली. अँजिओग्राफीत मात्र मोठा अडथळा दिसला नाही. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून त्यांना घरी पाठवलं. दीर म्हणाला, “नाटकंच होती तर!” तिसऱ्या दिवशी ताई पुन्हा पोळपाटाशी.

अँजिओग्राफीत दिसते ती रक्तवाहिनीची पोकळी. चरबीचा थर, म्हणजे प्लाक, भिंतीच्या आत साठतो. त्यावरचं आवरण 65 मायक्रॉनपेक्षा पातळ झालं की फाटण्याचा धोका वाढतो. कधी आवरण फाटत नाही, नुसता आतला पापुद्रा झिजतो, आणि तिथे गुठळी होते. हे झिजणं तरुण स्त्रियांत तुलनेनं जास्त आढळतं. गुठळी विरघळली की अँजिओग्राफी स्वच्छ!

ही भिंत आतून पाहता येते. शेवयीसारखी बारीक नळी रक्तवाहिनीत सरकवतात. एका पद्धतीत ध्वनिलहरी वापरतात. दुसरीत, ओसीटीत, प्रकाश वापरतात. तिला 10 ते 20 मायक्रॉनपर्यंतचं बारीक दिसतं.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हार्प’ अभ्यासात अशाच स्त्रिया होत्या: झटका आलेला, पण मोठा अडथळा नाही. 145 जणींची ओसीटी केली. 67 जणींच्या रक्तवाहिनीतच दोष सापडला. ज्यांची हृदयाची एमआरआयही झाली, त्यांच्यापैकी 84 टक्के जणींचं कारण कळलं. काहींना हृदयाच्या स्नायूला सूज होती. म्हणजे दुखणं खरं होतं, शोधणं अपुरं होतं.

म्हणून सगळ्यांनी ही तपासणी मागायची का? नाही. ती महाग आहे, आणि नळी आत घालण्यात धोकाही असतो. धोकादायक प्लाक दिसला की लगेच स्टेंट, असंही नाही. 2024 च्या ‘प्रिव्हेंट’ चाचणीत अशा स्टेंटमुळे दोन वर्षांतला धोका 3.4 वरून 0.4 टक्क्यांवर आला. पण त्या 1606 रुग्णांत स्त्रिया जेमतेम पाव हिस्सा होत्या. आपल्यासाठीचं उत्तर पुरुषांच्या आकड्यांवरून किती दिवस काढायचं?

तोवर आपण एवढं करू. छातीत दुखणाऱ्या बाईचा ईसीजी आणि ट्रोपोनिन लगेच झालंच पाहिजे, हा आग्रह धरू. मशेरी, रक्तदाब, साखर यांबद्दल गटात बोलू. आणि अँजिओग्राफी नॉर्मल आली, तर बाईसोबत थांबून विचारू: “डॉक्टर, मग ट्रोपोनिन का वाढलं? ते कागदावर लिहून द्या. औषध कोणतं, पुन्हा कधी यायचं?”

त्या दिवशी ताईंबरोबर हे विचारायला कुणी नव्हतं. मीही नव्हते. पुढच्या वेळी आपल्यापैकी एक जण तरी असू दे.