वजन उतरवायचे, पण पोट मारून नव्हे
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



युनियनच्या अभ्यासवर्गात आहारतज्ज्ञांचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. पगारवाढ, महागाई भत्ता, कंत्राटी कामगारांचे प्रश्न समोर असताना भाजी-भाकरीची चर्चा कशाला? पण आपल्या देशात किमान वेतनाचा हिशेबच भाकरीपासून मांडला गेला आहे. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र ठरवले. त्यात एका कमावत्याच्या कुटुंबाची तीन एकके धरली आणि अन्नासाठी डॉ. आयक्रॉइड यांचे मोजमाप घेतले. मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला २७०० कॅलरी, असे ते मोजमाप. डॉ. आयक्रॉइड हे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. तीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तेव्हा ‘कॅलरी’ हा शब्द श्रीमंतांच्या व्यायामशाळेतला नाही. तो आपल्या मागणीपत्रातला आहे.

ते सूत्र भुकेचा विचार करून केले होते. भूक आजही संपलेली नाही. परंतु तिच्या शेजारी आता सुटलेले पोट येऊन बसले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. वजन जास्त आणि रक्त कमी, या दोन्ही गोष्टी एकाच घरात, कित्येकदा एकाच शरीरात सापडतात. म्हणून ‘खाणे कमी करा’ एवढाच सल्ला देऊन आम्हाला मोकळे होता येत नाही.

कामगाराचे वजन वाढते ते तो आळशी आहे म्हणून, असे मानणे चुकीचे आहे. त्याची कारणे कामातच आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी लागतात, मध्यम श्रमाला २७१० आणि जड श्रमाला ३४७०. स्त्रियांसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० आहेत. काल ट्रॉली ढकलणारा माणूस आज पॅनेलसमोर खुर्चीवर बसला, तर त्याची गरज सहाशे कॅलरींनी किंवा त्याहून अधिक घटते. सहाशे कॅलरी म्हणजे तेल न लावलेल्या सुमारे सहा मध्यम पोळ्या. काम बदलले, डबा मात्र तोच राहिला. ड्रायव्हर, क्लार्क, बँक कर्मचारी, शिलाई मशीनवर दिवसभर बसणाऱ्या भगिनी, सर्वांची हीच गत आहे.

दुसरे कारण खिशाचे आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील शिधापत्रिकाधारकाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. ते बहुतेक ठिकाणी तांदूळ किंवा गहू असते. डाळ, भाजी, दूध, फळे बाजारभावानेच घ्यावी लागतात. महिनाअखेरीस जेवणातून पहिल्यांदा काय गळते? भाजी आणि डाळ. मग पोट भरते ते भाताने, पोळीने, बटाट्याने आणि पावाने. पोट भरते, वजन वाढते, पण अंगाला हवे ते मिळत नाही.

तिसरे कारण वेळेचे. पाळी, ओव्हरटाइम, दोन-दोन तासांचा प्रवास. त्यात जवळ काय सापडते? चहा, वडा, भजी, बिस्किटाचा पुडा.

आता आपले वजन जास्त आहे हे ओळखायचे कसे? त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, टेप सैल ठेवून माप घ्या. आपल्या देशातील पुरुषांचे माप ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांचे ८० पेक्षा जास्त भरले, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढला असे समजावे. वजनाचा अंदाज हवा असेल तर ५ फूट ५ इंच उंचीच्या माणसाचे वजन साधारण ६२ किलोपर्यंत असावे. हातपाय बारीक आणि पोट मात्र पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. अशा माणसाने ‘मी कुठे जाडा आहे?’ म्हणून टेप टाळू नये.

उपायाची सुरुवात चहापासून करू. एका कपात दोन चमचे साखर धरली तर ती सुमारे १० ग्रॅम होते. दिवसाला सहा कप म्हणजे ६० ग्रॅम, म्हणजेच २४० कॅलरी. दिवसभरातली वरची साखर २५ ग्रॅमच्या आत असावी. चहा सोडा असे आम्ही म्हणणार नाही, युनियनच्या निम्म्या सभा टपरीवरच होतात! पण कप तीनवर आणा, साखर एका चमच्यावर आणा. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते.

त्यानंतर तेल. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी असतात, तर एक ग्रॅम तेलात ९. माणशी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल पुरे. चार माणसांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटर. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढेच तेल वेगळ्या डब्यात काढा आणि त्यात महिना भागवा. घरात आणि टपरीवर दोन्हीकडे तळलेले खाल्ले, तर हा हिशेब पाण्यात जातो हेही लक्षात असू द्या.

आता डबा पाहू. पाच पोळ्या आणि बटाट्याची भाजी हा आपला नेहमीचा डबा. बैठे काम असणाऱ्याने त्यातल्या दोन पोळ्या काढाव्यात आणि त्या जागी वाटीभर मटकीची, चवळीची किंवा हुलग्याची उसळ घालावी. बटाट्याऐवजी पालेभाजी किंवा दोडका-दुधी, सोबत काकडी, मुळा, गाजर जे स्वस्त असेल ते. जो मांसाहार करतो त्याने उकडलेले अंडे किंवा मासळी घ्यावी. कोकणातले सुकट-बोंबीलही चालतील, पण खारवलेली मासळी धुऊन घ्या, मीठ जास्त जाते. शेंगदाणा, तीळ किंवा जवसाची चटणी चमचाभर पुरते.

आपले वाचक आणि सभासद देशभर विखुरलेले आहेत. इंदूरच्या मित्राने पोह्यांवरची शेव कमी करून मोड आलेली कडधान्ये घालावीत. भिलाई-रायपूरकडे भात हेच मुख्य अन्न आहे, तिथे भात सोडायचा नाही, भाताची एक वाटी कमी करून डाळीची एक वाटी वाढवायची. हुबळी, सोलापूर, गुलबर्गा या पट्ट्यात ज्वारीची भाकरी आहेच, ती सोडून मैद्याच्या पावाकडे जाऊ नका. जिथे जे पिकते आणि ज्या हंगामात जे स्वस्त असते, तेच खावे. परदेशी बियांची आणि महाग पावडरींची गरज कुणालाही नाही.

रात्रपाळीच्या साथींसाठी वेगळे सांगायला हवे. मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी घ्या. मध्यरात्री हलके खा. फुटाणे, ताक, एखादे फळ किंवा छोटी वाटी उसळ-भाकरी. रात्री एक ते पहाटे पाच या वेळात भरपेट जेवण टाळा, त्या वेळी शरीर झोपेच्या तयारीत असते आणि साखर नीट पचवू शकत नाही. घरी आल्यावर थोडे खाऊन झोपा. भट्टीवर आणि फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी वजन कमी करण्याच्या नादात पाणी कमी करू नये. घाम गाळून उतरते ते पाणी असते, चरबी नव्हे.

वजन उतरण्याचा वेग आठवड्याला अर्धा किलो असला तरी पुष्कळ झाले. त्यासाठी रोजच्या गरजेपेक्षा सुमारे पाचशे कॅलरी कमी घ्याव्या लागतात. चहाची साखर, एक तळलेला पदार्थ आणि दोन पोळ्या एवढ्यात ते जमते. सोबत रोज अर्धा तास भरभर चालणे. महिन्यात दहा किलो उतरवण्याच्या जाहिरातींना भुलू नका. उपाशी राहिल्याने स्नायू झिजतात, कामावर चक्कर येते, आणि मशीनवर चक्कर येणे म्हणजे अपघातच. उपवास करणाऱ्यांनी श्रद्धेने जरूर करावा, पण साबुदाण्याच्या खिचडीने वजन उतरेल ही अपेक्षा ठेवू नये. साबुदाणा म्हणजे नुसती पिठूळ साखर म्हणा ना!

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी वजन कमी करण्याच्या भानगडीत पडू नये. आणि काही न करता वजन उतरत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर आनंद मानू नका. क्षयाची तपासणी करून घ्या, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

भगिनींना आणखी एक सांगणे आहे. सर्वांत शेवटी जेवायचे आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलायचा, ही रीत मोडा. शेवटी उरतो तो भात, भाजी आणि डाळ आधीच संपलेली असते. रक्त कमी आणि वजन जास्त होण्याचे मूळ तिथेही आहे. घरातल्या पुरुषांनी हे ऐकून सोडून न देता ताटे एकत्र मांडावीत.

पण सर्वच भार एकेका माणसावर टाकणे आम्हाला मान्य नाही. कँटीनमध्ये वड्याशिवाय काही मिळतच नसेल, तर कामगाराने काय करावे? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४६ व्या कलमात २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी कँटीनची तरतूद होती. खाद्यपदार्थ कोणते, त्यांचे दर काय, कँटीन समितीत कामगारांचे प्रतिनिधित्व कसे, याचे नियम करण्याचा अधिकारही त्याच कलमात सरकारला दिलेला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही संख्या कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणली आहे. नव्या संहितांबद्दल चळवळीचे आक्षेप आहेत आणि ते राहतील, पण कँटीनची ही जागा आपण रिकामी सोडू नये. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. कामगाराचे ताट हा संघटनेचा विषय आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

तेव्हा कँटीन समितीत बसणाऱ्या प्रतिनिधीने नुसते दर पाहू नयेत. महिन्याला किती तेल येते, वापरलेले तेल पुन्हा किती वेळा तापते, रोज एक उसळ आणि एक कच्ची भाजी मिळते का, रात्रपाळीला गरम जेवण असते का, कंत्राटी कामगाराला त्याच दराने मिळते का, हेही विचारावे.

शेवटी एक हिशेब देतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २००० कॅलरींचे जे ताट सुचवले, त्यात माणशी दिवसाला ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य, ४०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध आहे. वेतनसूत्रातल्या तीन एककांना महिन्याला हे सुमारे साडेसात किलो डाळ, ३६ किलो भाजी, ९ किलो फळे आणि २७ लिटर दूध होते. आणि हे २००० कॅलरींचेच ताट आहे, २७०० चे नव्हे. आपापल्या गावी जाऊन बाजारभावाने याची किंमत काढा, कागदावर लिहा आणि पुढच्या मागणीपत्राला तो कागद जोडा. घरी तेलाचा डबा वेगळा काढण्याचे काम आपले, आणि डाळ-भाजी परवडेल एवढे वेतन मिळवण्याचे काम आपल्या संघटनेचे. ही दोन्ही कामे बरोबरच चालायला हवीत.